दोन चापट्या

तायनाराचा उजवा हात रोझिल्दाच्या दोन मांड्यांमध्ये पुरता अडकला होता. मनगट छातीशी आवळलेलं, अंगठा छताकडे, कोपर ओटीपोटावर टेकलेलं. इथवर आलेला हात रोझिल्दानं आजवर कधी निसटू दिला नव्हता. लढतीच्या जाळीदार पिंजऱ्याबाहेर अर्धं मनाउस शहर घसा फोडून ओरडत होतं. बेलेमहून बोटीनं आलेली तायनाराची माणसं शिव्या देत होती. रोझिल्दानं कोपर ताणायला कंबर जराशी उचलली, आणि लगेच तिच्या मांडीवर दोन चापट्या पडल्या. हळू पडल्या, पण अगदी स्पष्ट. रोझिल्दानं हात सोडला.

नुसता सोडला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण बाई उठून बसल्या आणि समोरचीला उठवायला हात पुढे केला. जिउ-जित्सूच्या मॅटवर ती लहानपणापासून हेच करत आली होती. समोरच्यानं दोन चापट्या मारल्या म्हणजे हार मानली, कुस्ती संपली, आता त्याला उठवायचं आणि मिठी मारायची. इथं मात्र पंच तायनाराच्या पाठीमागच्या बाजूला उभा होता. त्याला चापट्या दिसल्या नव्हत्या आणि त्यानं काहीच थांबवलं नव्हतं. तायनारानं पुढे आलेला हात बाजूला सारला आणि डाव्या मुठीचा एक ठोसा असा ठेवून दिला, की रोझिल्दाला त्यापुढचं आठवतो तो डॉक्टरच्या टॉर्चचा उजेड.

"तिनं हार मानली होती," शुद्धीवर आल्यावर ती पहिलं हेच बोलली. पंचानं तायनाराला विचारलं. तायनारा म्हणाली, मी तिची मांडी ढकलत होते, हार कसली मानतेय. पंच म्हणाला, मी पाहिलं नाही, आणि मी पाहिलं नाही ते घडलं नाही. विषय संपला. तायनाराचा हात वर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती चित्रफीत तिच्या कोंपेन्सा वस्तीतल्या झाडून साऱ्या फोनवर पोचली होती. चापट्या त्यात स्वच्छ दिसत होत्या, पण त्याचा उपयोग काय? लोकांना तायनाराची लबाडी दिसलीच नाही, दिसला तो रोझिल्दाचा पुढे केलेला हात. तिचं नाव पडलं 'संस्कारी बाई'. बेकरीवाल्यानं पाव देताना विचारलं, सोडू का हातातून, की पंचाला विचारून घेऊ? बसमध्ये एक पोरगी उभी राहून म्हणाली, आधी तुम्ही बसा मॅडम, तुम्ही फार संस्कारी. सारी बस हसली. रोझिल्दाही हसली आणि पुढच्याच थांब्यावर उतरून उरलेली वाट चालत गेली.

दोनदा जिउ-जित्सूचं जगज्जेतेपद मिळवलेली बाई ही. विमानतळावर लोक ढोल घेऊन आले होते तिच्यासाठी. पण ढोल घरी जातात, पदकं खिळ्याला टांगली जातात, आणि टायरच्या दुकानावरची भाड्याची खोली असते तशीच राहते. जिउ-जित्सूमध्ये याहून वर काही नव्हतंच. वर जायची वाट एकच होती, पिंजऱ्यातली, जिथं ठोसेही चालतात आणि लाथाही. म्हणून एकतिसाव्या वर्षी ती पिंजऱ्यात शिरली, आणि आता दाराशीच तोंडावर आपटली होती.

तिचा पिंजऱ्यातला गुरू क्लेबर. जुना बॉक्सर, नाक चपटं झालेलं, बोलणं असं भराभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यावर त्याची व्यायामशाळा होती. त्यानं ती चित्रफीत तिच्यासमोर पुन्हा पुन्हा लावली.

"तुला सोडायला कुणी सांगितलं?"

"तिनं."

"ती कोण लागते तुझी? पिंजऱ्यात तुझा मालक एकच, काळ्या शर्टातला तो पंच. त्याचा हात खांद्यावर पडेपर्यंत जग बुडालं तरी सोडायचं नाही. ती चापट्या मारू दे, रडू दे, आईला हाका मारू दे."

रोझिल्दाला हे माहीत नव्हतं असं नाही. नियम तिला तोंडपाठ होता. पण हाताला कुठे वाचता येतं?

भांडण झालं की तिकिटं खपतात, हे स्पर्धा भरवणाऱ्याला बरोबर कळलं. त्यानं याच दोघींची पुन्हा गाठ ठरवली. साओ पाउलोच्या, लढती भरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसणार होता आणि जिंकेल तिला घेऊन जाणार होता. हरेल तिचं काय, हे विचारायचीही गरज नव्हती. तायनारा तेवीस वर्षांची, तिला पुन्हा कुणीतरी विचारलं असतं. रोझिल्दाला विचारणारं कुणी नव्हतं. ही तिची शेवटची संधी होती आणि साऱ्या कोंपेन्साला ते ठाऊक होतं.

तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. कपडे भिजत घालायची आणि तसेच टाकून बाहेर पडायची. टपियोकाची पोळी मागवायची, अर्धी टाकून उठायची. नदीकाठी धावायला म्हणून जायची आणि धावता धावता थांबून नुसती बोटं मिटत-उघडत राहायची. एकदा बसमध्ये वरची दांडी धरून उभी होती, शेजारणीची पिशवी दोनदा तिच्या मांडीला लागली, आणि हिनं दांडी सोडून दिली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तशी ती थेट एका म्हातारबाबांच्या मांडीवर. म्हातारबाबा खूश झाले, पण रोझिल्दाच्या तोंडचं पाणी पळालं. आपला हात आपला राहिलाच नाही, असं तिला वाटलं.

शेवटी ती वस्ताद ओझियासकडे गेली.

वस्तादाची तालीम प्रार्थना-मंदिराच्या मागच्या पत्र्याच्या दालनात. निळी मॅट, एक पंखा, भिंतीवर जुने फोटो. वस्ताद साठी ओलांडलेला, कान चुरगळलेले, बोटं जाडजूड, तरुणपणी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कोंपेन्सातली निम्मी माणसं कधी ना कधी त्याच्या मॅटवर लोळली होती. नवीन पोर आलं की पहिला महिनाभर वस्ताद त्याला एकही डाव शिकवायचा नाही. फक्त सोडायला शिकवायचा. डोळ्यांवर पट्टी बांधायची, रेडिओ मोठ्यानं लावायचा, आणि समोरच्यानं अंगावर कुठेही दोन चापट्या मारल्या की त्या क्षणी पकड सोडायची. ज्याला उशीर होईल त्यानं मॅट पुसायची. तेरा वर्षांची रोझिल्दा आली तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर तिच्यावर मॅट पुसायची पाळी पुन्हा कधी आली नाही. या पोरीच्या अंगाला कान आहेत, असं वस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. म्हणून तर रोझिल्दाशी झुंजायला सगळे रांग लावायचे. एवढी जबरदस्त बाई, पण तिच्या हाती हात देताना कुणाला धास्ती वाटायची नाही.

ती आली तेव्हा वस्ताद एका फाटक्या किमोनोची कॉलर शिवत बसला होता. ती उभीच राहिली. बस म्हणाला तरी बसली नाही.

"वस्ताद, माझं चुकलं का?"

"हरलीस ना? मग चुकलंच की."

"पण सोडलं, ते?"

वस्तादानं दातानं दोरा तोडला. "ते मी शिकवलं. ते चुकलं असेल तर माझं."

मग तिनं मनातलं सांगून टाकलं. आपल्याला न सोडायला शिकायचंय, क्लेबर शिकवेल म्हणतो, पण तुम्हाला न विचारता शिकायला जीव धजत नाही. वस्तादानं सुईत नवा दोरा ओवला. त्याला राग आला नव्हता. आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"शिक," तो म्हणाला. "क्लेबर माणूस चांगला आहे, त्याचा धंदाच तो आहे. फक्त एक कर. तिथं शिक आणि तिथंच ठेवून ये. इथली माणसं सकाळी उठून कामावर जातात, पोरी. त्यांना हात लागतात."

रोझिल्दानं मान डोलावली. तालमीच्या दाराशी चपला काढून ठेवतो, तशी सवयही काढून ठेवता येईल असं तिला खरंच वाटलं. चूक झाली ती इथं, पिंजऱ्यात नव्हे.

क्लेबरची पद्धत साधी होती. पोरांनी खाली पडायचं, रोझिल्दानं हात धरायचा, पोरांनी चापट्या मारायच्या, आणि क्लेबरचा हात खांद्यावर पडेपर्यंत तिनं सोडायचं नाही. पहिल्या दिवशी चापटी पडायचा अवकाश, की तिची बोटं उघडायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती दात-ओठ खाऊन धरायची, 'नाही, नाही' असं मोठ्यानं म्हणायची, आणि 'नाही' म्हणता म्हणताच सोडायची. व्यायामशाळेतली पोरं हसून लोळायची. मुलं आनंदानं बळी जायला तयार होती, कारण कुणाचंच काही दुखत नव्हतं.

मग क्लेबरनं नियम बदलला. तिनं सोडलं की खालच्या पोरानं तिच्या मुस्काटात ठेवून द्यायची, आणि तीही मोजूनमापून नव्हे. अंगाला सांगून कळत नाही ते मारून कळतं, हे क्लेबरचं सगळं शिक्षणशास्त्र. रोझिल्दाचा ओठ फुटला, डोळा सुजला. संध्याकाळी घरी जाताना तिला सगळ्यांचाच संताप यायचा. क्लेबरचा, तायनाराचा, वस्तादाचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या शहाण्या बोटांचा.

आणि एका दुपारी तिनं धरून ठेवलं. खालच्या पोरानं दोन चापट्या मारल्या, आणखी दोन मारल्या, मग तो ओरडायला लागला, "अहो, हात लावा हिला!" क्लेबरनं मुद्दाम जरा वेळ लावला, डोकं खाजवलं, मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तत्क्षणी सोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दर खेपेला तसंच होत गेलं, जणू कुठेतरी एक कडी सरकली होती. रोझिल्दाला इतका आनंद झाला, की बाजारात बसून तिनं अख्खा तांबाकी मासा फारिन्याच्या भाजक्या रव्याबरोबर चाटूनपुसून खाल्ला आणि वजनाचा विचारही केला नाही. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

लढतीला आठवडा राहिला होता तेव्हा, शनिवारी सकाळी, ती वस्तादाच्या तालमीत गेली. सरावाला नव्हे, नुसतं अंग मोकळं करायला. घरी गेल्यासारखं वाटायला.

जुरेमा तिथं होतीच. ती आणि रोझिल्दा एकाच वर्षी या मॅटवर आल्या होत्या. दुपारनंतर चौकात ताकाकाच्या गरम साराची गाडी लावणारी ही बाई. भलंमोठं पातेलं एकटी उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या ओठांना त्यातल्या जांबू नावाच्या झणझणीत पाल्यानं मुंग्या येईपर्यंत त्याच्याशी वाद घालायची. रोझिल्दाचा सुजलेला डोळा पाहून ती म्हणाली, "नवरा केलास की काय गुपचूप?" मग दोघींनी हात मिळवले आणि सुरुवात केली.

छान चाललं होतं. पंखा फिरत होता, वस्ताद कोपऱ्यात पोस्टमन एव्हरार्दोला कुठलीशी पकड समजावत होता. जुरेमा चुकली, रोझिल्दाच्या मांड्यांमध्ये तिचा हात आला, रोझिल्दा मागे कलली. जुरेमानं दोन चापट्या मारल्या. आजवर असंख्य वेळा मारल्या असतील तशाच, सहज, पुढचं बोलणं मनात जुळवत.

रोझिल्दाला त्या लागल्या. ही जुरेमा आहे हे तिला कळत होतं, ही वस्तादाची तालीम आहे हेही कळत होतं. आणि ती थांबून राहिली. खांद्यावर हात पडायची वाट पाहत राहिली. जुरेमानं पुन्हा चापट्या मारल्या. मग म्हणाली, "रोझिल्दा." ओरडली नाही, नुसतं नाव घेतलं, कारण ही मस्करी असेल असं तिला अजून वाटत होतं. मग कोपरातून कोरडा आवाज आला आणि जुरेमा किंचाळली.

सगळी मॅट थांबली. वस्ताद धावत आला आणि त्यानं रोझिल्दाच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे तिची बोटं उघडली.

हाड मोडलं नव्हतं, सांध्यातला स्नायुबंध फाटला होता. सरकारी दवाखान्याच्या बाकावर जुरेमा हात गळ्यात बांधून बसली आणि रोझिल्दा समोर येरझारा घालत राहिली. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून निघत होतं ते भलतंच. क्लेबरची पोरं, काळा शर्ट, खांद्यावरचा हात, सगळं उलटसुलट. जुरेमाला त्यातलं अर्धंही कळलं नाही.

"बस की आता खाली, मला गरगरतंय," जुरेमा म्हणाली. "हे बघ. जा आणि हरवून ये त्या बेलेमवालीला. नाहीतर माझा हात फुकट गेला म्हणायचा."

त्या आठवड्यात रोज दुपारी रोझिल्दा चौकात जाऊन जुरेमाचं पातेलं उचलून द्यायची. निम्मा ताकाका सांडायचा. जुरेमा तिला शिव्या घालायची आणि त्या शिव्या ऐकून रोझिल्दाला जरा बरं वाटायचं. वस्तादानं मात्र तिला एका शब्दानंही बोल लावला नव्हता. त्या सकाळी सगळे गेल्यावर त्यानं स्वतः बादली आणून मॅट पुसली होती. तिनं फडकं मागितलं तर राहू दे म्हणाला होता. लढत सोडून द्यावी असंही तिच्या मनात आलं. तसं तिनं क्लेबरला सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. आता कुठे तू तयार झालीस, म्हणाला.

लढतीआधीच्या वजनाच्या दिवशी ती उन्हात बंद गाडीत काचा वर करून बसली, घाम गाळून वजन घटवलं आणि काट्यावर उभी राहिली. फोटोसाठी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा तायनारानं सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या आणि आपले दोन्ही हात हवेत उघडून दाखवले. सभागृह खदखदून हसलं. रोझिल्दानं हात वर केला नाही, मान वळवली नाही. तायनाराचं हसू जरा लवकर मावळलं, असं क्लेबर नंतर सांगत होता.

लढत संध्याकाळी झाली. पहिल्या फेरीत रोझिल्दानं भरपूर मार खाल्ला. दुसरीत तिनं तायनाराची कंबर धरली, दोघी खाली आल्या, आणि मग धडपडीत तो उजवा हात पुन्हा तिथंच आला. रोझिल्दा मागे कलली. तिला पंख्याचा गारवा जाणवला, छतावरचे दिवे दिसले, गर्दीचा आवाज दूर गेला. ती वाट पाहत होती, बाकी काही नाही. मग खांद्यावर हात पडला, तिनं सोडलं, आणि आवाज एकदम परत आला.

तायनारा कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसली होती. डॉक्टर तिच्याजवळ होता. क्लेबर जाळीवर चढून नाचत होता. पंचानं रोझिल्दाचा हात वर केला आणि 'संस्कारी बाई' म्हणणारी सगळी तोंडं तिच्या खऱ्या नावानं ओरडायला लागली. साओ पाउलोचा माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं लांबूनच अंगठा दाखवला. कपडे बदलायच्या खोलीत रोझिल्दा भिंतीला टेकून बसली. तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. इतके आठवडे जे पाय ठरत नव्हते ते आता जमिनीला टेकले होते.

"हिनं या वेळी चापट्या मारल्याच नाहीत," ती क्लेबरला म्हणाली. "अक्कल आली म्हणायची."

क्लेबरनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "मारल्या नाहीत?" त्यानं फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

फोनच्या पडद्यावर तायनारा चापट्या मारत होती. मांडीवर, पाठीवर, मग पालथ्या हातानं जमिनीवर, मग पुन्हा मांडीवर. तिचं तोंड उघडं होतं. पंच या वेळीही चुकीच्या बाजूला होता, त्याला वळसा घालून यायला वेळ लागला. रोझिल्दा त्या पडद्यावर शांत पडून होती, दुपारी झोपाळ्यात पडावं तशी. तिला एकही चापटी लागली नव्हती. जुरेमाची निदान लागली तरी होती.

"आता झालीस बघ खरी लढवय्यी," क्लेबर म्हणाला. तो मनापासून म्हणत होता.

साओ पाउलोला जायचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी ती वस्तादाच्या तालमीत निरोप घ्यायला गेली. तिथली रीत अशी, की कुणी मोठं काही जिंकून आलं की सगळी तालीम त्याच्याशी एक-एक डाव खेळणार. पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात आणि शेवटी वस्ताद. विजेत्याला उचलूनच घरी न्यावं लागतं असं हसत सांगायचे, पण तो मान होता. रोझिल्दाला हा मान याआधीही दोनदा मिळाला होता. या वेळी कुणी येईल की नाही या धाकधुकीनं ती दोनदा दारापर्यंत येऊन परत फिरली होती. पण सगळे आले होते. जुरेमासुद्धा हात गळ्यात बांधून भिंतीशी बसली होती आणि कुणी कसं झुंजावं यावर तोंडानं तोफा डागत होती.

पहिला आला तो नवशिका होता, तिनं मनगट धरताच त्यानं चापट्या मारल्या. नवशिकाच तो. दुसऱ्यानंही तेच केलं. मग एव्हरार्दो आला, पोस्टमन, तालमीतला सगळ्यात हट्टी माणूस. गळा आवळला तरी निळा पडेपर्यंत हार न मानणारा. तिनं त्याची बाही जरा ओढली आणि त्यानं लगेच दोन चापट्या मारल्या, हसला, तिला मिठी मारली, अभिनंदन केलं आणि भराभर बाजूला झाला. पुढचीनं तेच केलं, त्यापुढच्यानंही. सगळे प्रेमानं वागत होते. सगळ्यांनी मिठी मारली. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. रोझिल्दा पकडी आणखी सैल करत गेली, शेवटी तर नुसतं बोट लावत होती, तरी चापट्या पडतच होत्या. जुरेमाही बोलायची थांबली होती.

मग वस्ताद उभा राहिला. त्यानं पट्टा घट्ट केला, गुडघ्यांवर बसला, हात मिळवला. अठरा वर्षांत या म्हाताऱ्यानं तिला फुकटची एकही चापटी दिली नव्हती. त्याचा हात पकडीत घ्यायचा म्हणजे घामाघूम व्हावं लागायचं. तोही कण्हायचा, शिव्या द्यायचा, अगदी शेवटच्या टोकाला जाऊन मग हार मानायचा. रोझिल्दानं मनातल्या मनात त्याची विनवणी केली. वस्ताद, तुम्ही तरी नीट झुंजा.

तो नीट झुंजला. तिला दोनदा खाली घेतलं, एकदा पाठीवर चढला. तिला हसू आलं, श्वास मोकळा झाला. मग त्याचा हात तिच्या बाजूला आला आणि तिनं मनगट धरलं. फक्त धरलं. लगेच तिच्या मांडीवर दोन चापट्या पडल्या.

"वस्ताद, मी अजून ओढलंच नव्हतं."

"माहीत आहे गं," वस्ताद म्हणाला. तोही गोंधळला होता, आपल्या पंज्याकडे पाहत होता. "मी नाही मारली. ती पडली आपोआप. चल, परत."

पुन्हा हात मिळवले. पुन्हा तीच पकड आली. या वेळी तिनं दोन बोटांनी त्याचं मनगट धरलं, नाडी बघावी इतकं हलकं, आणि सारा जीव मांडीवर आणून चापटीची वाट पाहिली. चापटी पडली. ती तिला लागली, स्वच्छ लागली, आणि तिनं त्याच क्षणी बोटं उघडली. पण वस्तादानं हात त्याआधीच काढून घेतला होता.